राख चाळलेला मूग

सोनपेठहून एसटीने अर्ध्या तासावरच्या एका गावात बायकांच्या गटाने बियाणं बँक काढली होती. तिची नोंदवही मी सांभाळायचे. बँक म्हणजे समाजमंदिरामागची एक खोली आणि तीन लाकडी फळ्या. दुकानातलं बी उगवलं नाही किंवा दुबार पेरणीची वेळ आली, तर गावाजवळ आपलं बी असावं, एवढीच कल्पना. माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालेलं. मी तोंड उघडलं की बायका एकमेकींकडे बघायच्या, म्हणून मी लिहायचं काम धरून ठेवलं होतं.

दिवाळीनंतर ऊसतोडीला जाताना एक मावशी मुगाचं गाडगं ठेवून गेल्या. मूग राखेत कालवलेला, गाडग्याचं तोंड शेणामातीने लिंपलेलं. हा गावरान मूग त्यांच्या सासूपासून चालत आलेला, कमी पावसात तगणारा. गावात तो आणखी कुणाकडे उरला नव्हता.

"घरी ठिवला तर उंदरं खातील, न्हाईतर सासरा," त्या म्हणाल्या. "तुमच्याजवळच बरा."

जानेवारीत बाहेरचे पाहुणे बँक बघायला येणार होते. फळीवरचं ते काळपट गाडगं मला बरं दिसेना. मी लिंपण फोडलं, राख चाळून उकिरड्यावर टाकली, मूग फडक्याने पुसून काचेच्या बरणीत भरला आणि वर इंग्रजीत चिठ्ठी लावली. पाहुण्यांनी फोटो काढले. राख काढू का, असं मी कुणालाच विचारलं नव्हतं. विचारणं मला कधी जमलंच नाही.

मार्चमध्ये काचेवर आतून भुंगे चढताना दिसले. मी मूग उन्हात पसरला, पुन्हा भरला. पंधरा दिवसांत पुन्हा भुंगे, आणि दाण्यांना गोल भोकं. तेव्हाही मी कुणाला बोलले नाही. खोलीत गेले की त्या फळीकडे बघायचं टाळायचे.

एप्रिलमध्ये ऊसतोडीचा फड उठला. मावशी घरीही न जाता थेट बँकेत आल्या. उन्हाने चेहरा रापलेला, बोटांना चिंध्या बांधलेल्या.

"राख कुठंय?"

"चाळली."

"काहून?"

"पाहुणे येणार होते."

त्या बरणी हातात फिरवत राहिल्या. "बरं झालं भुंग्यांचं. काचंचा बंगला भेटला." दारातल्या बायका हसल्या. मावशी हसल्या नाहीत.

मी म्हणाले, "चुकलं माझं, मावशी."

"राख काढलाव ते जाऊ द्या. तुमाला म्हाईत नव्हतं. भुंगा दिसला तवा फोन काहून न्हाई केलाव? फडावर बी फोन लागतो."

मी कोपऱ्यातलं सूप काढलं.

तीन दुपारी आम्ही दोघी सूप घेऊन बसलो. भोकाचे दाणे एका बाजूला, साबूत एका बाजूला. डोळे दुखून यायचे. त्या मधेच भिंतीला टेकून झोपायच्या, उठून पुन्हा निवडायच्या. साबूत दाण्यांतले थोडे ओल्या फडक्यात बांधून बघितले, तर निम्म्यांनाच मोड आले. शेवटी जेमतेम दोन तासं, म्हणजे शेतातल्या दोन ओळी, पेरता येतील एवढं बी हाती लागलं.

"यंदा इकतच्या डाळीचं वरण," त्या म्हणाल्या. "येईल तेवढं सगळं बियालाच."

पेरणीनंतर पावसाने मधे मोठा खंड दिला, तरी ती दोन तासं टिकली. ऑगस्टअखेरीस शेंगा तोडायला मीही गेले. एक गाडगं भरलं. राख मावशींनी स्वतः कालवली, मी शेजारी उभी राहून बघितलं.

दिवाळीनंतर ट्रॅक्टर निघाला तेव्हा ते गाडगं त्यांच्या मांडीवर होतं. मी कसंबसं विचारलं, "मावशी, फडावर ओल असते. तुम्ही राहता त्या पाचटाच्या कोपीत टिकेल का?"

"काय सांगावं," त्या म्हणाल्या. "पर काय झालं तर मला कळंल तरी."