व्यवसायाचा रकाना

परवा एका दाखल्यासाठी तहसील कचेरीत गेले होते. बाहेरच्या ओट्यावर एक माणूस म्हाताऱ्या बायकांचे पेन्शनचे अर्ज भरून देत होता. एकीला त्यानं विचारलं, "आजी, काम काय करता?"

"काय न्हाई. घरीच."

त्यानं मोठ्यानं म्हणत व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं, 'काही नाही'.

हे उत्तर माझ्या ओळखीचं. चार म्हशींचं शेण काढून आलेली माझी आईही हेच सांगायची. सातबारा आधी सासऱ्याचा, मग नवऱ्याचा, मग मुलांचा. राबणं तेवढं बाईचं. म्हातारपणी तिचे हात रिकामे राहतात, आणि आपण नशिबाला बोल लावतो!

अंगठ्याला शाई लागली होती. आजींनी तो कागदावर नेला आणि तसाच थांबवला.

"बाबा, त्ये खोड. पन्नास वरसं भात लावला म्या. शेतकरी लिही."

तो हसला. "शेत कुठंय तुमच्या नावावर?"

"नावावर नसंल. पर पिकवलं कुनी?"

त्याचं हसू मावळलं. त्यानं ते खोडलं आणि 'शेतकरी' लिहिलं. आजींनी अंगठा असा दाबला की ओटा हलावा.

अर्ज घेऊन पायऱ्या उतरलेली एक बाई तेवढ्यात परत वर आली.

"दादा, माझंबी खोडा."