पिवळी झाक

आमची लाँड्री होती. आई धुवायची, बाबा इस्त्री करायचे आणि प्रत्येक कपडा खिडकीशी धरून पास किंवा नापास करायचे. आम्ही भावंडं त्यांना पाठीमागे 'परीक्षक' म्हणायचो. पण त्यांच्या नजरेचा दबदबा असा, की त्यांनी पास केलेल्या चादरी हॉटेलवाला उघडूनही बघत नसे.

बाबांची साठी उलटली आणि आईच्या चादरी नापास व्हायला लागल्या.

"पिवळी झाक आहे. परत धू."

आई परत धुवायची, ब्लीच वाढवायची. तिच्या बोटांना अशा भेगा पडल्या की चिमूटभर मीठ घ्यायचीही सोय उरली नाही.

एकदा माझं डोकंच फिरलं. "बाबा, पांढरीशुभ्र आहे ही चादर!"

"चाळीस वर्षं पांढरं बघतोय मी. मला शिकवू नकोस."

सुरुवातीला अशा वेळी आई माझ्याकडे बघून डोळे मिचकावायची. मग नुसतीच गप्प बसायला लागली. आणि एक दिवस म्हणाली, "असेल गं. त्यांना दिसतं म्हणजे असणारच." तेव्हाच मी तिच्याशी भांडायला हवं होतं. नाही भांडले. रोजच्या कटकटीला कंटाळले होते.

अशी सहा वर्षं गेली. मग बाबांनी एका शर्टाची कॉलर जाळली, तेव्हा मी त्यांना जवळजवळ ओढतच डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला. "यातून सगळं पिवळटच दिसणार," डॉक्टर म्हणाले. आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं.

काही दिवसांनी बाबा दुकानात आले आणि सवयीने एक चादर खिडकीशी धरली. उजवा डोळा झाकला. मग डावा. पुन्हा उजवा.

"या डोळ्याने पिवळी दिसते, त्याने पांढरी," ते म्हणाले. "म्हणजे इतकी वर्षं त्या सगळ्या..." त्यांची जिरावी असं मला कितीदा तरी वाटलं होतं. आता ती जिरली होती, आणि मला जराही बरं वाटलं नाही.

ते चादर घेऊन मोरीपाशी गेले. "अगं, माझंच चुकलं. चादर पांढरीच आहे. पहिल्यापासून पांढऱ्याच होत्या."

आईने हात पुसले, चादर उजेडात धरली आणि बराच वेळ निरखली.

"उगाच माझं मन राखू नका हो," ती म्हणाली. "मला दिसते ना पिवळी झाक."

आणि तिने चादर पुन्हा बादलीत टाकली.