आतोबांची दोन माणसांची मोटार

कर्जत तालुक्यात आजवर जेवढी माणसं 'नाय' म्हणाली असतील, त्या सगळ्यांचे 'नाय' एका पारड्यात घातले तरी माझ्या आतोबांचा एक 'नाय' जड भरेल. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. रेल्वेत बँकरवर ड्रायव्हर. कर्जतच्या माणसाला बँकर म्हणजे काय हे सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगते. पुण्याकडे जाणारी गाडी घाट चढण्याआधी कर्जतला थांबते, तिच्या शेपटाला जादा इंजिनं लागतात आणि ती तिला मागून ढकलत वर नेतात. तेच बँकर. घाट संपला की गाडी पुढे निघून जाते, बँकर मुकाट्यानं खाली येतं. असं आयुष्यभर दुसऱ्याला ढकलत आलेला माणूस मऊ, सोशीक, पडतं घेणारा असेल असं कोणालाही वाटेल. आतोबांनी पडतं घेतलेलं त्यांच्या आईनंसुद्धा पाहिलं नव्हतं. साहेबानं रजा नाकारली की ते अर्ज उचलत नसत आणि वादही घालत नसत. टेबलासमोर नुसते उभे राहत. साहेबाचा चहा गार होई, साहेबाला घाम फुटे, आणि शेवटी रजा मंजूर होई.

मी तेव्हा नेरळच्या शाळेत शिकवत होते आणि कर्जतला आत्याकडेच राहत होते, त्यामुळे हे सगळं मला घरबसल्या पाहायला मिळे. आतोबांचा एक नियम असा, की कुठेही मागे बसायचं नाही. लग्नाच्या मांडवात पहिली रांग, सभेत पहिली सतरंजी, एस.टी.त ड्रायव्हरच्या मागचा बाक. तो बाक भरलेला असेल तर ते पुढची गाडी येईपर्यंत थांबत. एकदा आत्याला माहेरी पोचायची घाई होती म्हणून नाइलाजानं भरल्या गाडीत चढले, आणि खोपोलीपर्यंत पुढचा दांडा धरून उभे राहिले. मागची दोन बाकं रिकामी होती. कंडक्टरनं समजावलं, आत्यानं डोळे वटारले, एका आजोबांनी हात धरून ओढलं. आतोबा म्हणाले, "तुमी बसा ना. मी काय तुमाला नाय म्हनलो?"

याचं मूळ एका मोटारीत होतं. खालापूरच्या अलीकडे मुंबईच्या एका शेटजींचा बंगला होता आणि त्यांच्याकडे अमेरिकन रोडस्टर होती. लांब नाक, उघडं अंग, पुढे जेमतेम दोन माणसांची बैठक. कंपनीचं नाव लिहीत नाही; आतोबा म्हणाले असते, त्यांची फुकट जाहिरात कशाला. या मोटारीच्या पाठीवर एक झाकण असे. ते उघडलं की आत आणखी एक उघडी बैठक निघे, तिला डिकी म्हणायचे. आतोबांची आई, जिला आम्ही सगळे आये म्हणायचो, त्या बंगल्याचं आवार झाडायला जायची. स्वातंत्र्याच्या आधीची गोष्ट. एके दिवशी आवारातच तिला साप चावला. शेटजींनी स्वतः मोटार काढली आणि तिला कर्जतच्या दवाखान्यात घेऊन निघाले. आमच्या माणसांची सावली नको म्हणणारे ते दिवस, तिथे शेटजींनी मोटार काढली म्हणून गावानं त्यांचं कौतुक केलं. फक्त आयेला त्यांनी डिकीत बसवलं. पुढे शेजारची जागा मोकळी नव्हती, तिथे त्यांचा कुत्रा होता. दहा-अकरा वर्षांचे आतोबा धुळीत मोटारीमागे धावत होते आणि त्यांना आधी आईचं डोकं दिसत होतं, त्याच्या पुढे कुत्र्याचे कान. साप बिनविषारी निघाला, आये संध्याकाळी चालत घरी आली आणि गोष्ट संपली. आतोबांची नाही संपली. शेटजींनी माणुसकी दाखवली पण कुत्र्याला उठवलं नाही, हे त्यांनी कधी माफ केलं नाही, आणि का करावं, असं मलाही वाटतं. छप्पन्न साली आम्ही सगळ्यांनी धम्म घेतला, जुनं बरंच काही मागे टाकलं. ती मोटार तेवढी आतोबांच्या मनातून हलली नाही.

पुढे शेटजी वारले, वारसांनी बंगला विकायला काढला, आणि गोठ्यात सडत पडलेला मोटारीचा सांगाडा आतोबांनी बैलजोड्या लावून कर्जतला ओढत आणला. इंजिन जागेवर होतं, कारण ते कोणाला उचलवलं नव्हतं. बाकी जे जे निघण्यासारखं होतं ते पंचक्रोशीनं केव्हाच काढून नेलं होतं. हे कशाला आणलंत, असं आत्यानं विचारलं. आतोबा म्हणाले, आयेला पुढं बसवणार. यावर आत्या काय बोलणार? आयेनंही पडवीतून एकदा सांगाड्याकडे पाहिलं आणि ती तांदूळ निवडायला लागली.

मग शोध सुरू झाला. आतोबांचं म्हणणं असं, की वापरात हाय ते भंगार नाय. म्हणून कोणाकडे मोटारीचा तुकडा सापडला तर तो नुसता मागायचा नाही, त्याच कामाला येईल अशी दुसरी वस्तू त्याच्या जागी ठेवायची. पुढची बैठक शिळफाट्याच्या एका केशकर्तनालयात होती. गिऱ्हाइकं तिच्यावर वाट बघता बघता झोपी जातात आणि दुसरीकडे जात नाहीत, म्हणून मालक ती सोडायला तयार नव्हता. आतोबांनी काथ्या भरून नवा बाक करवून घेतला, तो तिथे ठेवला आणि सबंध रविवार स्वतः त्याच्यावर घोरून दाखवलं, तेव्हा मालकाची खात्री पटली. बॉनेटची एक बाजू एका कोंबड्यांच्या खुराड्यावर होती. तिथे नवा पत्रा बसवला तर कोंबड्या आत जाईनात, म्हणून आतोबा तो शेणानं सारवून आले. दिव्याची खोलगट वाटी तर कशेळ्याच्या पुढे एका वाडीत तांदळाचं माप होऊन बसली होती. शेजारणीकडे तांदूळ उसने मागताना तिथल्या बायका 'दोन दिवे दे' म्हणायच्या. दिवा गेला तर कोणाचं किती द्यायचं हेच कळणार नाही म्हणून वाडी एकदिलानं आडवी आली. आतोबांनी पत्र्याची तशीच वाटी करून नेली आणि सगळ्यांसमोर तांदूळ ओतून दाखवले. वाटी चिमूटभर मोठी निघाली. चालेल हो, असं एक म्हातारी म्हणाली. आतोबांना चाललं नाही. माप म्हणजे माप, असं तिला ऐकवून ते वाटी परत ठोकून घेऊन आले, तेव्हाच दिवा घेतला.

जे पंचक्रोशीत नव्हतं त्यासाठी ते सुट्टीच्या दिवशी मुंबईला जुन्या सुट्या भागांच्या गल्ल्या धुंडाळत. नमुन्याचा भाग जेवणाच्या डब्यात असे. दुकानदारानं विचारलं, कुठल्या गाडीचा आहे, तर हे म्हणत, तुमी सांगा. ज्याला सांगता येत नसे त्याच्याकडून ते स्क्रूसुद्धा घेत नसत. त्या डब्याचा ग्रीसचा वास कशानंही जाईना. आत्यानं राख लावली, चिंच लावली, शेवटी डबा अंगणात भिरकावला. दुसऱ्या दिवशी आतोबा तोच डबा घेऊन कामावर गेले आणि ग्रीसच्या वासाची भाकरी चवीनं खाऊन आले. लोकांचं एक मात्र वाईट होतं. ते अजून 'शेटाची मोटार कुठवर आली' असंच विचारत. आतोबा दर वेळी थांबून, सायकलवर असले तर उतरून, 'आपली मोटार' म्हणून दुरुस्ती करत आणि समोरच्यानं तसं म्हटल्याशिवाय त्याला जाऊ देत नसत.

मोटार मुळात काळी होती, आतोबांनी ती निळी केली. आणि डिकीचं झाकण त्यांनी रिबिटा मारून कायमचं बंद करून टाकलं. डिकीची बैठक कुठे आहे हे त्यांना ठाऊक होतं. खालापूरकडच्या एका घराच्या ओटीवर तिचा झोपाळा झाला होता. सापडूनही त्यांनी न मागितलेली ती एकच वस्तू. याच सुमाराला जुन्या मोटारींचे शौकीन असे एक गृहस्थ मुंबईहून पांढरे बूट घालून आले. त्यांनी मोटारीभोवती चार फेऱ्या मारल्या, तोंड भरून स्तुती केली, विकत घेण्याची तयारी दाखवली, आणि मग डिकी उघडायला गेले. उघडेना. डिकीशिवाय ही मोटार अपुरी आहे, ओरिजनल राहिलेली नाही, असं ते फार दुःखानं म्हणाले.

"ओरिजनल म्हनाल तर पुढच्या सीटवर कुत्रं पायजे," आतोबा म्हणाले. "आनू का?"

गृहस्थांना काही कळलं नाही. आतोबांनी त्यांना चहा पाजला आणि स्टेशनवर पोचवून आले. सायकलच्या पुढच्या दांड्यावर बसवून.

अखेर एका हिवाळ्यात मोटार सुरू झाली. अख्खी आळी जमली. आतोबांनी धुवट पांढरा सदरा घातला होता. त्यांनी पुढचं दार उघडून धरलं आणि आयेला हाक मारली. सत्तरी ओलांडलेली आये नवं लुगडं नेसून बाहेर आली, पुढच्या बैठकीकडे तिनं नुसतं पाहिलं, आणि वळसा घालून मोटारीच्या मागे गेली. झाकणावर हात फिरवून तिनं विचारलं, "माझी जागा कुठं रं?"

आतोबांना वाटलं, तिला नीट दिसत नाही. त्यांनी तिला हाताला धरून पुढे आणलं. ती पुन्हा मागे गेली. मग आतोबांचा आवाज चढला. ज्या जागेवर तुला जनावराच्या मागे बसवलं ती जागा मी ठेवलेली नाही, आणि ठेवणारही नाही, असं त्यांनी सगळ्या आळीला ऐकू जाईल असं सांगितलं. आये पायरीवर टेकली.

"अरं, ती धामण होती," ती म्हणाली. "मला तवाच ठावं होतं. धामण म्हनले असते तर शेट मोटार काढतो व्हय?"

आत्यानं तोंडाला पदर लावला.

"मी मागं धावत होतो," आतोबा म्हणाले. "रडत होतो, आये."

"मला वाटलं तुला बी बसायचं हाय."

हसणाऱ्यांत मीही होते, पण आतोबांचा चेहरा पाहून हसू जिरलं. आयेनं त्यांना जवळ बोलावलं. ती अगदी साध्या आवाजात बोलत होती. "कुत्रं पुढं होतं ही शेटाची लाज. ती तू का वागवतोस? आपल्यातली मोटारीत बसलेली मी पयली. सगळं गाव तोंड उघडं टाकून बघत होतं. मी काय मान खाली घालून नाय बसले." आतोबांचा हट्ट कोणाकडून आला हे मला तेव्हा कळलं. तिचा हट्ट त्यांच्याहून जुना होता, आणि तो तिनं इतकी वर्षं कोणाला दाखवलासुद्धा नव्हता.

दोन दिवस आतोबा मोटारीकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी रिबिटा छाटल्या. मग कड्यांसकट नवा सागवानी झोपाळा घेऊन खालापूरला गेले आणि डिकीची बैठक डोक्यावर घेऊन आले. पण पुरतं हरणं त्यांच्या रक्तात नव्हतं. पुढची जागा रिकामी ठेवायची नाय, असं त्यांनी जाहीर केलं आणि तिथे आत्याला बसवलं. आत्या आढेवेढे घेत बसली आणि बसल्यावर असा पदर सारखा केला, की डब्याचं भांडण तिथेच मिटलं. आयेला डिकीत चढवणं हे मात्र मोठं काम होतं. पायरी उंच, गुडघे दुखरे. मी वरून हात दिला आणि आतोबांनी मागून खांदा लावला. बँकर लागलं, असं कोणीतरी म्हणालं, आणि आये वर आली. मी तिच्याशेजारी बसले.

कर्जत सोडून आम्ही खालापूरच्या रस्त्याला लागलो. बांधांवरची माणसं हातातलं काम सोडून बघत होती. आये ताठ बसली होती. आतोबा कुठे निघाले आहेत हे मला ठाऊक होतं. त्यांनी ते कोणाला सांगितलं नव्हतं, पण हॉर्न आदल्या दिवशी तीनदा साफ केला होता. बंगला आला तशी त्यांनी मोटार हळू केली. फाटकासमोर उभी करायची, हॉर्न वाजवायचा आणि आत जो कोणी असेल त्याला बाहेर येऊन बघायला लावायचं, यासाठी त्यांनी एवढी वर्षं घालवली होती. त्यांचा हात हॉर्नकडे गेला. तेवढ्यात आयेनं वाकून पुढच्या पत्र्यावर थाप मारली.

"थांबू नको रं. थांबला की वारा जातो."

आतोबांचा हात तसाच राहिला. मला मागून त्यांची मान दिसत होती. एस.टी.त, साहेबापुढे, सगळीकडे ताठ पाहिलेली ती मान जरा खाली आली, आणि मग त्यांनी गिअर बदलला. मोटार वेगात निघाली. आयेनं डोक्यावरचा पदर पडू दिला. तिचे पांढरे केस माझ्या तोंडावर येत होते आणि पुढे बसलेली आत्या काहीतरी ओरडून सांगत होती ते आम्हाला ऐकू येत नव्हतं. त्यापुढे कुठे जायचं हे कोणी ठरवलं नव्हतं, आणि कोणी विचारलंही नाही.

आये पुढच्या उन्हाळ्यात गेली. तोवर आतोबा रोज संध्याकाळी तिला फिरवून आणत. त्या दिवसाची आठवण निघाली की मला रस्त्याचं एकेक वळण दिसतं, पण बंगल्याचं फाटक कसं होतं ते काही केल्या डोळ्यांसमोर येत नाही. एकदा मी आतोबांना विचारलं. ते म्हणाले, माझं बी बघायचं राहूनच गेलं.