सहा घरांचं यंत्र

नेलिदा फेरुच्चीच्या हातात सतरा वर्षं एकच यंत्र होतं, लेबलं मारायचं. खटक केलं की लेबल, खटक केलं की लेबल. ब्युनोस आयरेसच्या फ्लोरेस भागात, एका जुन्या गाळ्यांच्या बोळात डॉन, म्हणजे शेठ, रुबेन सार्कीस यांचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. तिथल्या गेम खेळायच्या प्रत्येक कन्सोलवर, प्रत्येक गेमच्या डबीवर किंमत चिकटवायची ती नेलिदाने. दुसऱ्या एखाद्या देशात हे काम महिन्यातून तासभराचं असतं. इथे बाईला धड जेवायला फुरसत नव्हती.

कामाची रीत अशी. डॉन रुबेन एका कानात रेडिओ खुपसून काउंटरमागे बसायचे. डॉलर चढला की तोंडाने काही बोलायचे नाहीत, गिऱ्हाईक सावध होतं म्हणून. नुसती बोटं वर करायचे. एका बोटाला एक टक्का. बोटं दिसली की नेलिदाने शिडी घ्यायची. गेल्या डिसेंबरात एकदा त्यांनी दहाही बोटं वर केली आणि मग खाली वाकून बूट काढायला लागले. नेलिदा तिथल्या तिथे स्टुलावर बसली.

जुनं लेबल सोलत बसायला वेळ कुणाला? नव्याला जुन्याच्या उरावर बसवायचं आणि पुढे जायचं. त्यामुळे शोकेसमधल्या शेवटच्या कन्सोलच्या खोक्याला चांगलं पोट सुटलं होतं. फळीवर ते सरळ उभंसुद्धा राहत नसे, पुढे कलायचं. त्याच्या वर भिंतीवर पाटी होती : ‘लेबलवर असेल तीच किंमत. हुज्जत घालू नये.’ घासाघीस करणाऱ्यांना कंटाळून डॉन रुबेननी ती स्वतः रंगवून घेतली होती.

आणि नेमका हाच पोट सुटलेला कन्सोल नेलिदाला हवा होता. भावासाठी.

तिचा थोरला भाऊ आन्सेल्मो. एकतीस वर्षं शहराची बस चालवली. नजर अधू झाली, लायसन्स गेलं, आणि त्या दिवसापासून गड्याने तोंडच बंद केलं. सूप दिलं की प्यायचा, हाक मारली की बघायचा. डॉक्टर म्हणाले, घशात काही दोष नाही. दोष नाही तर मग बोलत का नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही, फी मात्र घेतली. मार्चमध्ये तो तिची विसरलेली घरची किल्ली द्यायला दुकानात आला. गिऱ्हाइकांना खेळून बघायला ठेवलेल्या कन्सोलवर बस चालवायचा गेम सुरू होता. आन्सेल्मो पडद्याला नाक लावून बसला, वळण घेतलं, आणि एकदम कडाडला, “ए सायकलवाल्या! जीव नकोसा झालाय का तुला?”

आठ महिन्यांनी बोललेलं ते पहिलं वाक्य. नेलिदा शिडीवर तोंडात पदर कोंबावा तसा ॲप्रन कोंबून रडली.

दुसऱ्याच दिवशी डॉन रुबेननी तो वापरलेला कन्सोलही विकून टाकला, नव्याच्या भावात. आन्सेल्मो पुन्हा मुका. उरला हा एकच.

तेव्हापासून नेलिदाची कुचंबणा सुरू झाली. ज्याच्यावर जीव टांगलेला, त्यालाच रोज आपल्या हाताने महाग करायचं! सगळं दुकान ती भराभर उरकायची, पण त्या खोक्यापाशी जाताना तिचा गुडघा दुखायला लागायचा. रोज घसरणाऱ्या पेसोच्या नोटा साठवून ठेवायला ती काही वेडी नव्हती. पगार झाला की तेलातल्या ट्यूना माशाचे डबे घ्यायची. डबा नासत नाही आणि त्याचाही भाव चढतो. भावाबहिणीच्या त्या एका खोलीत भिंतीला लागून डब्यांची थप्पी छातीपर्यंत आली होती. पण ट्यूना कितीही पळाला तरी कन्सोल चार पावलं पुढेच. शेवटी कन्सोल नऊ लाख ऐंशी हजारांवर होता आणि तिचे फक्त दहाबारा डबे कमी होते. पगार उद्यावर होता.

आणि दुपारी डॉन रुबेननी सहा बोटं वर केली.

नेलिदाने मनात हिशेब केला. दहा लाख अडतीस हजार आठशे. तिने यंत्राची आकड्यांची चाकं फिरवली आणि तिथेच थबकली.

“मालक, एक मावत नाही.”

“कसला एक?”

“दहा लाखांतला. यंत्राला घरं सहाच आहेत.”

“अगं मग पेनाने लिही की पुढे! हेही मीच सांगू?”

तिने खटक केलं. लेबल आलं : ०३८८००. खोक्याच्या पोटावर तिने ते नीट दाबून बसवलं. पेन अंबाड्यात खोचलेलं होतं. हात तिथपर्यंत गेला, आणि रिकामाच खाली आला.

नेलिदा शिडीवरून उतरली. ॲप्रन काढून खुंटीला लावला. दुकानाबाहेर गेली, वळली, पुन्हा आत आली, खोकं उचलून काउंटरवर ठेवलं.

“नमस्कार. हा द्या.”

“नेली, डोकं फिरलं का? एक कुठाय?”

“मला कसं ठाऊक? मी गिऱ्हाईक आहे.”

“तू लेबलवाली आहेस!”

“ती आत्ताच बाहेर गेली.”

दुकानात तिघं जण होते. त्यातल्या एका म्हाताऱ्याने चष्मा लावून भिंतीवरची पाटी खणखणीत आवाजात वाचली, आणि ‘हुज्जत घालू नये’ हे तर दोनदा वाचलं. डॉन रुबेन बिटासारखे लाल झाले.

नोकरी गेली तर आन्सेल्मोला सूप कुठून घालणार होती? नेलिदाला रडू आलं.

“मी चोर नाही हो, मालक. लेबलाचे अडतीस हजार आठशे हे घ्या रोख, सुपासाठी ठेवलेले. आणि वरच्या दहा लाखांचं म्हणाल, तर घरी दोनशे बेचाळीस डबे ट्यूना आहे. सगळा तुमचा.”

डॉन रुबेननी कानातला रेडिओ काढला. असं कुणी कधी पाहिलं नव्हतं.

“तेलातला की पाण्यातला?”

“तेलातला.”

“मग आधी बोलायचं नाही का, बाई!” त्यांचा आवाज लोण्यासारखा झाला. “पेसो काय, संध्याकाळपर्यंत शिळे होतात. आण डबे.”

“आणि बसचा गेम?”

“तो वेगळा!”

“पगारातून कापा. पण आजच्या भावाने.”

“सतरा वर्षांत फार शिकलीस,” डॉन रुबेन म्हणाले, आणि डबे आणायला स्वतःची हातगाडी दिली. दुसऱ्या दिवशी शोकेसमध्ये ट्यूना मांडला गेला. त्याच्यावर लेबलं नेलिदानेच मारली.

पण त्या संध्याकाळी तिने खोकं फोडलं, टीव्हीला तारा जोडल्या आणि भावाच्या हातात गेम चालवायचा रिमोट दिला. स्वतः खुर्ची ओढून त्याला अगदी चिकटून बसली. पडद्यावर बस सुरू झाली. आन्सेल्मोने आरसा बघितला. पहिला थांबा आला, दार उघडलं, माणसं चढली. तो गप्पच. दुसरा थांबा आला, आणखी माणसं चढली. गप्पच. नेलिदाला वाटलं, संपलं. दोनशे बेचाळीस डबे पाण्यात गेले.

तिसऱ्या थांब्यावर आन्सेल्मो खेकसला, “अहो बाई, दारात काय उभ्या राहिलात? मागे सरका! मागे जागा आहे!”

नेलिदाने खुर्ची उचलली आणि मागे नेली.

“आणखी मागे!”

डब्यांची थप्पी असायची त्या भिंतीपर्यंत ती गेली. मागे खरंच जागा होती.