साडूचा खवीस

माझ्या साडूइतकी भुतांची काळजी वाहणारा माणूस अख्ख्या अंधेरीत शोधून सापडायचा नाही. माणसं मेली की भुतं होतात हे सगळ्यांना ठाऊक, पण भुतं म्हातारी झाली की कुठे जातात, हा प्रश्न पडला फक्त त्याला. धंद्याने तो भयपटांचा लेखक. स्वस्तातले, आठवड्याभरात पडद्यावरून उतरणारे अकरा भयपट त्याने लिहिले. स्वतः मात्र पालीला भितो. पाल दिसली की हा खुर्चीवर उभा, आणि "अगं, आधी तिला घालव!" म्हणून बायकोच्या, म्हणजे आमच्या हिच्या थोरल्या बहिणीच्या, ताईच्या नावाने हाका.

त्याच्या धंद्यात गोष्ट नुसती लिहून भागत नाही, निर्मात्यासमोर बसून ऐकवावी लागते. नरेशन म्हणतात त्याला. साडू करकरणारं दार तोंडाने उघडायचा, विहिरीत पोहरा तोंडाने पाडायचा, आणि त्याचं मांजर ऐकून एकदा उडप्याच्या भटारखान्यातून आचारी झारा घेऊन बाहेर धावला होता. मॅनेजर येऊन हात जोडायचा, "साहेब, किंकाळी जरा हळू. फॅमिली बसलीय." निर्मात्याचा चहा समोर गार व्हायचा. ऐकणाऱ्याला घाम फुटायचा हो, अगदी खरं सांगतो!

पडद्यावर मात्र वाट लागायची. त्याच्या पहिल्या सिनेमातल्या खविसाचा मुखवटा त्याने आणि रंगभूषावाल्याने आठ दिवस खपून केला होता. रबरी तोंड, काथ्याचे केस, तीन सुळे. पहिल्या खेळाला तो खवीस झाडामागून आला आणि थिएटर खो खो हसत सुटलं. साडू पुढच्या रांगेत मान खाली घालून बसला होता. मी मागे होतो. तोंडात रुमाल कोंबला, तरी व्हायचं ते झालंच. बाहेर आल्यावर तो एवढंच म्हणाला, "साऊंड खराब होता रे."

पुढे कामं येईनाशी झाली आणि त्याच्या डोक्यात भयपटांच्या संग्रहालयाने घर केलं. "राजांच्या तलवारींना म्युझियम आहे, मग आमच्या भुतांना एक खोली नको?" कुठला स्टुडिओ बंद पडतोय असं कळलं की हा टेम्पो घेऊन दारात. मरोळच्या दोन खोल्यांत चेटकिणीची नखं, तुटके हात, प्लास्टरचा एक अख्खा सापळा. ताई त्याच्या फासळ्यांवर हातरुमाल वाळत घालायची. "कामाला तरी येऊ दे मेल्याला," म्हणायची.

त्यांची इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं, तेव्हा सोसायटीच्या सभेत साडू उभा राहिला आणि तळमजल्यावरची एक खोली त्याने संग्रहालयासाठी मागितली. मागितली म्हणजे काय, पाऊण तास नरेशन दिलं! सेक्रेटरी पंखा बंद करायला उठले ते तसेच उभे राहिले. शेवटी सगळ्यांनी "झकास!" म्हणून टाळ्या वाजवल्या आणि खोली व्यायामशाळेला दिली. साडू त्या दिवशी जेवला नाही. ताईने फोनवर सांगितलं तेव्हा माझाही घास उतरेना.

भाड्याच्या घरात सामान मावेना. बरंचसं भंगारात गेलं, आणि त्या गडबडीत खवीस हरवला. साडूने आठवडाभर शोधला, मग त्याचं नाव काढणंच सोडलं. वर्षभराने त्याचा फोन आला. "साडू, लगेच ये. सापडला!"

नव्या इमारतीच्या सातव्या मजल्याला, बाहेरच्या बांबूवर, आमचा खवीस बांधला होता. खाली लिंबू-मिरच्या. बांधकामाला दृष्ट लागू नये म्हणून राक्षसाचं तोंड टांगतात ना, तसा.

मी तावातावाने सुपरवायझरला गाठलं. तो बिचारा गयावया करू लागला. "साहेब, पाडापाडीत मिळाला. बाजारातल्या तोंडाला आजकाल कोण भीक घालतो? याला लावला आणि काम कसं बिनविघ्न चाललंय बघा. आता उतरवायला सांगू नका. त्याला हात लावायला कोणी तयार नाही. भितात सगळे."

"भितात?" साडूने विचारलं.

"मी पण अवसेला तिकडे बघत नाही."

"खरंच भितात?" साडूने पुन्हा विचारलं. मग माझा हात धरून म्हणाला, "राहू दे रे."

तेव्हापासून रोज संध्याकाळी तो समोरच्या टपरीवर चहा घेऊन उभा असतो. परवा मीही गेलो होतो. कडेवर तान्हं घेतलेली एक बाई वर बघून थबकली, बाळाच्या तोंडावर पदर ओढून झपाझप निघून गेली.

"बघ," साडू म्हणाला, "कोणी हसत नाही." मग चहा फुंकत, माझ्याकडे न बघता, "त्या दिवशी तूही हसला होतास ना? तुझं हसू ओळखू येतं मला."

इतकी वर्षं मला वाटत होतं, त्याला माहीत नाही. लाजेने मान वर होईना. "चुकलंच रे माझं," म्हटलं.

"सोड यार. मला तेव्हा एकट्याला तरी भीती वाटली होती."

दिवाळीपर्यंत इमारतीला रंग लागेल, बांबू उतरतील, खवीसही उतरेल. त्याचं पुढे काय, हे दोघांनाही विचारवेना. शेवटी मीच म्हटलं, "आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर जागा आहे. ही ओरडेल, ओरडू दे. बाजूला सोफा आहे. लोक आले तर बसतील."

"कोण येणार रे बघायला?"

"मी आहे ना. रोज बघेन."

त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला, आणि बऱ्याच वर्षांनी तोंडाने एक दार करकरवलं. अगदी हळू, कोणाला तरी आत घेतल्यासारखं.