दीड वर्षासाठी मत

मतदार यादीचं काम करणाऱ्या शिक्षकाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. दारावरची बेल वाजवायची, "घरात मतदार किती?" एवढं विचारायचं आणि गप्प उभं राहायचं. पुढचं सगळं समोरचा माणूस करतो.

आमच्या भागातले आमदार मुदत संपण्याआधीच वारले. उरलं होतं दीड वर्ष. तेवढ्यासाठी पोटनिवडणूक लागली. मी आणि तांबोळीसर एकाच शाळेतले शिक्षक, शेजारशेजारच्या दोन याद्या आमच्याकडे. घरोघर मतदानाच्या चिठ्ठ्या वाटताना बहुतेकांनी एकच विचारलं, "आता मध्येच कशाला?" तरी मतदानाच्या दिवशी लोक आले. का आले, ते शाळेच्या फाटकापाशी टेबल टाकून यादीतले क्रमांक लिहून देणाऱ्या आम्हा दोघांना दिवसभर कळत गेलं.

मला स्वतःला काळजी होती ती एकाच मताची. सिंधूबाई जगताप आमच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवतात. मागच्या निवडणुकीत त्यांचं नाव यादीतून गळालं होतं. तासभर रांगेत उभ्या राहून त्या तशाच परत गेल्या. दुसऱ्या दिवशी खिचडी वाढता वाढता म्हणाल्या, "सर, मी हाय का न्हाय, ते एकदा सरकारला विचारून सांगा." मग मी त्यांचा अर्ज भरला. दोनदा परत आला, तिसऱ्यांदा मंजूर झाला. क्रमांक सहाशे चौदा. मला तो पाठच झाला होता.

आदल्या दिवशी त्या सांगून गेल्या, "कात्रजला लग्नाचा सैपाक हाय. पण पाचच्या आत येते. या खेपेला माझं मत पडलंच पायजे."

*

सकाळी सातला पहिले आले निवृत्त इंजिनिअर परांजपे.

"मत दिलं नाही तर पुढे तक्रार कुठल्या तोंडानं करायची?"

"पण काका, दीडच वर्ष आहे," तांबोळीसर म्हणाले.

"असू दे. मी जरा भरभर करीन."

*

साठ्यांकडे चिठ्ठ्या द्यायला गेलो होतो तेव्हाच काकांनी सांगितलं होतं, "आम्ही येणार नाही. माझं मत एका बाजूला, हिचं दुसऱ्या. बेरीज शून्य. दोघांनी घरी बसायचं ठरलंय."

दहाला काका आले. "भाजी आणायला म्हणून निघालोय. घरी बोलू नका."

साडेअकराला काकू आल्या. "देवळात जाते म्हणून सांगितलंय. ह्यांना कळू देऊ नका हं."

काकू आत गेल्यावर तांबोळीसर स्वतःच्या शाईच्या बोटाकडे बघत म्हणाले, "आज दोघंही डावा हात खिशात ठेवून जेवणार."

*

हडपसरच्या एका आयटी कंपनीतला मुलगा मत देऊन बाहेर आला आणि शाई लावलेलं बोट आमच्यासमोर धरलं. "सर, मागच्या वेळी हे दाखवलं की मिसळीवर डिस्काउंट होता. या वेळी कुठे आहे?"

"या वेळी कुठेच नाही."

त्याने बोटाकडे पाहिलं. "म्हणजे नुसतंच मत दिलं मी?"

"होतं असं कधी कधी," तांबोळीसर म्हणाले.

*

तांबोळीसरांच्या अम्मी अठ्ठ्याऐंशीच्या. इतक्या वयाच्या माणसाचं मत घरी येऊन घेण्याची सोय आहे. मुलगा स्वतः यादीचं काम करतो, पण अम्मींनी त्याला अर्ज भरू दिला नाही. कडक इस्त्रीची साडी नेसून रिक्षानं आल्या. मत द्यायला दोन मिनिटं लागली. नंतर माझ्या खुर्चीवर बसल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीची चौकशी करत राहिल्या. मी उभा.

दीड तासानं तांबोळीसर म्हणाले, "अम्मी, आता घरी चला."

"मतदान सहापर्यंत आहे ना? मग घाई कसली?"

*

दुपारी सगळं सामसूम होतं. एक ओळखीच्या बाई बाहेरगावाहून बऱ्याच महिन्यांनी आल्या होत्या. मला सहज म्हणाल्या, "वहिनी नाही आल्या मत द्यायला?"

तांबोळीसर यादीत डोकं घालून बसले.

"तिचं नाव यादीत नाही," मी म्हणालो.

"अहो, मग अर्ज भरा की. तुमच्याच तर हातात आहे."

"भरलाय."

नाव घालायला एक अर्ज असतो, माणूस गेलं की वगळायला दुसरा. वगळायच्या अर्जावर त्या भागातल्या कर्मचाऱ्यानं घरी जाऊन खात्री करायची असते. त्या भागातला कर्मचारी मीच. शाळा सुटल्यावर घरी गेलो, कुलूप उघडलं, खात्री केली, सही केली.

*

पाचला दहा मिनिटं कमी असताना सिंधूबाई आल्या. बोटं हळदीनं पिवळी. माझ्याकडे बघून हसल्या आणि सरळ आत गेल्या.

थोड्या वेळानं मला आत बोलावणं आलं. केंद्राध्यक्ष मॅडमनी यादी पुढे केली. सहाशे चौदावर सकाळीच मत पडलेलं होतं. सोबतची चिठ्ठी पाहिली. अक्षर माझं.

मग आठवलं. सकाळी आणखी एक सिंधू जगताप आल्या होत्या. तांबोळीसरांच्या यादीतल्या, मतदान शेजारच्या खोलीत. त्यांनी नाव सांगितलं आणि मी यादी न उघडताच सहाशे चौदा लिहून दिला. आत फोटो ताडून बघतात, पण यादीतल्या फोटोत सगळेच सारखे काळे दिसतात.

"सिंधूबाई, चूक माझी आहे," मी म्हणालो.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

मॅडमनी नियमांचं पुस्तक काढलं. "अशा वेळी मशीनवर मत देता येत नाही. कागदाची मतपत्रिका मिळेल. शिक्का मारायचा, मी ती पाकिटात बंद करणार. पण बाई, स्पष्टच सांगते. हे मत मोजणीत धरत नाहीत. एवढा त्रास घ्यायचा का, तुम्ही बघा."

"कागद द्या," सिंधूबाई म्हणाल्या.

कागद आणि शिक्का घेऊन त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेल्या. मशीनवर मत द्यायला लोकांना अर्धा मिनिटही लागत नव्हता. पाच मिनिटं झाली. मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं, मी खिडकीकडे. आणखी तीन मिनिटं गेली.

"बाई, काही अडलंय का?"

पुठ्ठ्यामागून आवाज आला, "थांबा की मॅडम. अकरा माणसं उभी हायती. सगळ्यांची नावं वाचल्याबिगर शिक्का कसा मारू?"