गोटमारीला गेलेली गिट्टी

पांढुर्ण्याच्या गुजरीत माझ्या सासूची जागा अगदी तोंडाशी होती. गुजरी म्हणजे रोजचा भाजीबाजार. बस स्टँडकडून येणाऱ्या माणसाला आधी कडुनिंब दिसायचा, मग निंबाखाली बसलेली माझी सासू, आणि मग बाकीचं जग. तिगावहून पॅसेंजरनं टोपली घेऊन येणाऱ्या नव्या बाईला कुणी पत्ता सांगितला तरी तो असाच असायचा : म्हातारीच्या डाव्या हातानं आत जा. ही जागा तिला तिच्या सासूनं दिली होती. शेत नाही, दुकान नाही, बूड टेकायला लागते तेवढी माती. पण आमचं घर त्या मातीवर चालायचं.

मी शेजारच्या सौंसर गावची. म्हणून सासरी मला सगळे 'सौंसरवाली'च म्हणायचे. ऐंशी सालाच्या पुढची ती वर्षं. मी तेव्हा तरुण होते आणि सातवी पास होते. गुजरीतल्या बायांत सातवी पास मी एकटीच, आणि हे मी कुणाला विसरू देत नसे. सगळ्या 'सांभार' म्हणायच्या, मी 'कोथिंबीर' म्हणायची. गिऱ्हाइकाला 'धन्यवाद' म्हणायची. गिऱ्हाईक बिचारं दचकून शेजारच्या टोपलीकडे सरकायचं. आज ती बाई मला रस्त्यात भेटली, तर मीही तिच्याकडून मेथी घेणार नाही.

तर एक दिवस रिक्षावर भोंगा लावून मुनादी झाली. मेन रोड रुंद होणार, दोन्ही बाजूंनी नाल्या होणार, गुजरीच्या जागी नवं पक्कं मार्केट होणार. निंबाला एक मोठा नकाशा ठोकला. नकाशा कसला, रंगीत चित्रच ते. काळाभोर गुळगुळीत रस्ता, दिव्यांचे खांब, निळ्या शटरचं मार्केट, आणि समोर एका झाडाखाली टोपली घेऊन बसलेली एक बाई. मी तर वेडीच झाले. दिवसातून कितीदा तरी त्या चित्रासमोर जाऊन उभी राहायची, जसं काही मीच ते काढलं होतं.

सासूला हाताला धरून नेलं. तिनं डोळे बारीक करून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "यात मी कुठं हाय?"

"ही काय, झाडाखाली."

"मी एवढी गोरी कवा झाली वं?"

"चित्र हाय ते, आत्याबाई."

"बरं. आन माह्या टोपल्यात काय हाय?"

मी जवळ जाऊन पाहिलं. लाल लाल गोल सफरचंदं. "सेप," मी म्हटलं.

"पांढुर्ण्यात बसून मी सेप इकून राहिली? संत्र्यायनं काय पाप केलं होतं?"

मी खूप चिडले. म्हातारीला प्रगती कळत नाही, असं मनात म्हटलं. मनात कशाला, तोंडानंच म्हटलं असेल, मला काय.

बांधकाम होईपर्यंत गुजरी मागच्या नाल्याकाठी हलवायची ठरली. दिवाळीपर्यंतच, असं नगरपालिकेच्या कचेरीतले साहेब म्हणाले; आमची बोली मराठी, पण कचेरी हिंदी. सगळ्या बाया उठल्या, सासू उठेना. ठेकेदाराची माणसं आली, मी आले, आमचे हे कापसाच्या जिनिंगातून सुट्टी काढून आले. म्हातारी मातीला चिकटलेली. शेवटी मी तिच्यासमोर उकिडवी बसले आणि म्हटलं, "मी बसवते तुम्हाले परत. इथंच. ह्याच जाग्यावर."

"तू?"

"मी."

"पाह्य बरं. मंग नाई म्हनशीन." आणि ती उठली.

मी छाती काढून टोपली उचलली. शब्द देताना काय मजा येते माणसाला! निभवायला लागतो तेव्हा कळतं.

दिवाळी आली आणि गेली. रस्ता उकरून ठेवलेला. दोन्ही बाजूला चर, चरावर फळ्या, फळीवरून गिऱ्हाईक डुगडुगत येणार, एखादं आत पडणार, आणि आम्हालाच शिव्या देणार. नाल्याकाठी डास, वरून ऊन. सांभार दहा वाजताच मान टाकायचा (हो, तोवर मीही सांभारच म्हणायला लागले होते). 'रस्त्याच्या आड येते' म्हणून निंबही तोडला. मी कचेरीत जायची. साहेब टूरवर. पुन्हा जायची. साहेब जेवायला. पुन्हा जायची, तर साहेब खुर्चीत, आणि साहेब म्हणायचे, "हो जाएगा, हो जाएगा." मी खूश होऊन परत यायची! घरी सांगायची, साहेबांनी मला बसायला सांगितलं. सासू विचारायची, "तुले बसवलं नं? मंग मले कवा बसवतं?"

पुढच्या वर्षीचा पोळा जवळ आला, आणि ट्रकांनी गिट्टी, म्हणजे रस्त्याचे फोडलेले दगड, येऊन पडली. निंबाच्या खुंटाजवळ हा एवढा ढीग! मी धावत नाल्याकाठी गेले.

"आत्याबाई, गिट्टी आली! रस्ता झालाच समजा."

सासू मेथी निवडत होती. "पोळा कवा हाय?" तिनं विचारलं.

"परवा."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि इतकी हसली, की तोंडातला तंबाखू लुगड्यावर सांडला. मला काही कळलं नाही. सातवी पासच ना मी.

बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत गोटमार होते. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात. अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव, आणि दोन्हीकडचे गडी एकमेकांवर गोटे मारत ते झाड मिळवायला धावतात. डोकी फुटतात, जीवही गेले आहेत, तरी थांबत नाही. देवीचं काम आहे म्हणतात. मी पोळ्याला दरवर्षी माहेरी सौंसरला जायची. त्यामुळे नदीत गोटे नदीचेच असतात, अशी माझी भाबडी समजूत होती.

ढिगाऱ्याजवळ ठेकेदाराचा मुनशी खुर्ची टाकून बसला होता. दूर कुठून तरी उत्तरेकडून आलेला, सज्जन माणूस. दिवसभर लोक येत होते. ढिगाऱ्याभोवती फिरत होते, एखादा दगड उचलून हातात तोलून पाहत होते, मान डोलावत होते. मुनशी मला कौतुकानं म्हणाला, "आपके यहाँ पब्लिक सड़क में बहुत दिलचस्पी लेती है."

"हमारा गाँव बहुत जागरूक है," मी म्हटलं. अगदी असंच म्हटलं. आजही आठवलं की पदर तोंडात धरावा लागतो.

त्या वर्षी मी माहेरी गेले नाही. रस्ता होताना बघायचा होता ना! गोटमारीच्या दिवशी सकाळी पाहते तर मुनशी खुर्चीत, आणि खुर्चीभोवती मोकळं मैदान. कुणी चोरी केली नव्हती. कुणी पोतं नेलं, कुणी घमेलं, कुणी ओचा भरून नेला. ज्याच्या त्याच्या भक्तीप्रमाणे.

मुनशीनं माझ्या सासूला विचारलं, "माताजी, गिट्टी कहाँ गई?"

"नदीपर गयी, बेटा. देवी के काम से."

"वापस कब आएगी?"

सासूनं विचार केला. "वो तो सावरगाववाले फेकेंगे तबच आयेगी."

मुनशी त्याच आठवड्यात गाव सोडून गेला. कचेरीत सांगितलं, काम बंद. नवी गिट्टी मंजूर होईल तेव्हा बघू. केव्हा? हो जाएगा. त्या दिवशी मला साहेबांनी बसायला सांगितलं, तरी मी बसले नाही. घरी येऊन भांडी आपटली. आमचे हे म्हणाले, "भांड्यायनं काय केलं?" त्यांच्या पायावर गोट्याचा वळ होता. तेही जाऊन आले होते! माझ्याच रस्त्याचा दगड मारून आले होते!

मग मला कल्पना सुचली. माझ्या कल्पनांना तेव्हा कुणी आवरत नसे. गुजरीतल्या बायांना म्हटलं, टोपल्या घ्या, नदीवर चला, आपली गिट्टी आपण परत आणू. बाया आल्या. सासूही आली. मदतीला नाही, तमाशा बघायला.

नदीवर गेलो तर अलीकडे फार काही नाही. आमच्या गड्यांनी मन लावून मारली होती. सगळी गिट्टी पलीकडे. लुगडी खोचून गुडघाभर पाण्यातून सावरगावच्या काठावर गेलो. तिथं बाया धुणं धूत होत्या. एक जाडजूड बाई धुणं बडवायची मोगरी घेऊन उभी राहिली.

"कायले आल्या वं?"

"आमची गिट्टी न्यायले," मी म्हटलं.

"तुमची? ह्या काठावर आलेला गोटा आमचा. माह्या घरवाल्याचं डोस्कं फुटलं त्यानं."

"ती सरकारी हाय. रस्त्याची हाय."

"मंग सरकारनं कायले मारली आमाले? आन रस्ता काय तुमचाच खराब हाय? आमच्याकडे ये, बैल फसते."

आमच्या बाया ओरडू लागल्या, त्यांच्या ओरडू लागल्या. मोगऱ्या वर झाल्या. आता बायांची गोटमार होणार असं दिसलं, तेव्हा माझी सासू पाण्यातून हळूहळू वर आली आणि त्या जाड बाईसमोर रिकामी टोपली धरून उभी राहिली.

"मले ओळखलं का वं? मी ह्याच गावची लेक हाय. तुह्या सासूची मैतरीन. किती वर्सानं माहेराच्या काठावर आली. लेकीले रित्या टोपल्यानं वापस लावून देता?"

लेकीला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं? त्या बाईनं मोगरी खाली ठेवली. वाकली, आणि म्हातारीच्या टोपलीत गोटा ठेवला. मग दुसरीनं ठेवला. चापट, मोठे, चांगले बघून ठेवले, जसं काही सांजोऱ्याच घालत होत्या. शेवटी एकीनं काठावरच्या घरातून हळद आणून वरून बोट लावलं. तिच्या मानापायी आमच्याही टोपल्या भरल्या. येताना सासू मधल्या पाण्यात थांबून मला म्हणाली, "तुह्या सातवीत हे नव्हतं का?"

साहेब म्हणाले, ही गिट्टी चालणार नाही. एका साइजची नाही, नदीचे गोटे मिसळलेत. माझा ढीग निंबाच्या खुंटाजवळ पडून राहिला, आणि त्यावर कुत्री बसू लागली.

पुढे किती पोळे गेले, ते मोजून मला आणखी राग आणायचा नाही. मार्केट मात्र एकदाचं झालं. फीत कापायच्या दिवशी मी नवी साडी नेसले, सासूला नवं लुगडं नेसवलं आणि मिरवत आत नेलं. आत सिमेंटचे ओटे. स्वच्छतेसाठी उंच केलेत, असं साहेब म्हणाले. सासू आपल्या ओट्यासमोर उभी राहिली. ओटा तिच्या छातीला लागत होता.

"चढू कशी?"

आम्ही दोघी-तिघींनी मागून ढकलून तिला वर बसवलं. वर बसली खरी, पण गिऱ्हाइकाच्या तोंडासमोर तिचे गुडघे. गिऱ्हाईक तरी कुठलं? मार्केटचं फाटक बस स्टँडकडे पाठ करून ठेवलेलं. आत यायचं तर आख्खा वळसा. दुपारपर्यंत एक बाई आली, तीही चुकून. मी म्हणत होते, "होईन सुरू, होईन." माझ्या तोंडून साहेबच बोलत होते.

शेवटी सासू वरून म्हणाली, "सौंसरवाली, मले खाली उतरव. मोकळं व्हायले जायचं हाय." आणि उतरताना माझ्या खांद्याला धरून कानात म्हणाली, "तू म्हनली होती, ह्याच जाग्यावर."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुंटाजवळ गेले, कुत्री हाकलली आणि माझ्या ढिगाऱ्यातले चापट गोटे मातीत बसवले. बुटकी बैठक झाली, टेकायला निंबाचा खुंट. म्हातारीला तिथं नेलं. सावली गेलेली, समोर नवी नाली, नालीला वास. पण जागा तीच. ती बसली, मेथी मांडली, आणि तोंडानं एवढंच म्हणाली, "थोडं डावीकडे पायजे होतं."

साहेब आले. "यहाँ अलाऊ नहीं है. ये पत्थर हटाओ."

"हटव," सासू म्हणाली. "गोटमारीचे हाय. माह्या माहेरचे हाय. हात लावून पाह्य."

साहेबांना कळलं नाही, पण त्यांचा चपराशी इथलाच होता. त्यानं आजूबाजूला बघितलं, किती गडी थांबून ऐकत आहेत ते पाहिलं, आणि साहेबांच्या कोपराला हळूच धरून त्यांना चहाकडे नेलं.

त्या आठवड्यात तिगावच्या बाया येऊन तिच्या डाव्या हाताला बसल्या. मग बाकीच्या. मार्केटच्या ओट्यांवर बकऱ्या चढल्या. त्यांना उंची आवडली.

रस्त्यावर डांबर पडलं, ते वाळतं न वाळतं तोच रस्ता पुन्हा खोदला. पाइप टाकायचा राहून गेला होता म्हणे. आणि एका सकाळी दोन माणसं नवा नकाशा घेऊन आली आणि सासूच्या समोरच खांबाला ठोकून गेली. तिची नजर तोवर पार गेली होती.

"सौंसरवाली, पाह्य बरं, यात मी कुठं हाय?"

मी उठून पाहिलं. रस्ता होता, दिवे होते. झाड नव्हतं, बाई नव्हती. तिच्या जागेवर एक पांढरी मोटर उभी काढली होती.

"हाय नं, आत्याबाई. तिथंच हाय. मोटरीच्या मांगं बसल्या, म्हनून दिसून नाई राहिल्या."

तिनं मेथीवर पाणी शिंपडलं.

"मंग त्याले म्हन, मोटर काढ तिथून. बोहनीचा टाइम हाय."